घरच्या छोट्या लेथवर पार्टिंगसाठी कोणतं टूल घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी ७ × १४ इंची मिनी लेथ आहे आणि त्यावर २५ मिमीचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) गोल बार पार्टिंग करून, म्हणजे फिरत्या बारात अरुंद टूल सरळ आत नेऊन, कापायचाय. ३ मिमी रुंदीचं ब्रेझ्ड टिपचं (कार्बाइडचा तुकडा डाग देऊन बसवलेलं) पार्टिंग टूल लावलं, तर चार-पाच मिमी आत गेल्यावर ते घुसतं. स्पिंडल जागच्या जागी थांबतो, नाहीतर टिप उडते. दोन टूलं अशी गेली. आता एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) ब्लेड घ्यावं, इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कार्बाइड टिपचा) होल्डर घ्यावा, की सरळ हॅकसॉने कापून लेथवर फेसिंग मारावं, म्हणजे तोंड सपाट करावं?

आधी उत्तर देतो. २ मिमीच्या आतबाहेरचं, खाली निमुळतं होत गेलेलं एचएसएस ब्लेड आणि ते धरणारा साधा होल्डर घ्या. मशीन नीट आवळून त्यावर हात बसला की २ मिमीचा इन्सर्ट होल्डर घ्या. ३ मिमीचं ब्रेझ्ड टूल या मशीनवर पार्टिंगसाठी पुन्हा लावू नका.

मी तीस वर्षं भोसरीत लेथवर काढली. आता घराच्या मागच्या शेडमध्ये स्वतःचा छोटा लेथ आहे. मोठ्या मशीनवरची सवय छोट्या मशीनवर आणली की पार्टिंग हमखास फसतं, ते मी स्वतः अनुभवलंय. कंपनीत आम्ही किर्लोस्करच्या एंटरप्राइज लेथवर एक सुताचं, म्हणजे साधारण ३.२ मिमीचं टूल डोळे झाकून लावायचो. त्या मशीनचं वजन टनाच्या हिशोबात आणि तुमच्याचं चाळीस-पन्नास किलोच्या. जो जोर तिथे जाणवतही नाही, तो इथे टूल पोस्टपासून बेडपर्यंत सगळं वाकवतो.

किती जोर ते आकड्यात सांगतो, कारण टूल निवडायचा खरा आधार तोच आहे. पार्टिंगला टूल पूर्ण रुंदीने कापतं. टर्निंगला आपण कट कमी करून सुटका करून घेतो, तशी सोय इथे नाही. एमएससाठी बारीक फीडला दर चौरस मिमी चिपमागे ३००० न्यूटनच्या आसपास जोर लागतो असं धरा. फीड फेऱ्याला ०.०५ मिमी आणि टूल २ मिमी, तर चिपचं क्षेत्रफळ ०.१ चौ. मिमी, आणि जोर ३०० न्यूटन, म्हणजे तीस किलोचं वजन त्या धारेवर ठेवल्यासारखं. तेच टूल ३ मिमीचं केलं की पंचेचाळीस किलो. मिनी लेथच्या टूल पोस्टवर हात ठेवून नुसता दाबून बघा, खालचं कंपाउंड (टूल पोस्टखालची छोटी स्लाइड) किती हलतं ते. पंधरा किलोचा हा फरक म्हणजे बहुतेक वेळा कापणं आणि घुसणं यातला फरक.

मग १ मिमीचंच का घेऊ नये, असं कोणी विचारेल. कारण पातळ ब्लेड बाजूला वाकतं. खोल गेल्यावर ते खाचेत आडवं होतं, कापलेलं तोंड वाटीसारखं खोलगट येतं आणि शेवटी ब्लेड अडकून मोडतं. १२-१५ मिमी व्यासापर्यंतच्या पितळेला आणि अॅल्युमिनियमला १.५ मिमी छान चालतं. २५ मिमीच्या स्टीलला २ मिमी हा मला मानवलेला मध्य आहे. जुन्या इंची मापात अर्ध्या सुताचं, म्हणजे १/१६ इंचाचं ब्लेड मिळतं. ते १.६ मिमी भरतं. तेही २० मिमीच्या आतल्या कामाला उत्तम.

रुंदीनंतर लांबी. टूल होल्डरबाहेर किती काढलंय, हे टूलच्या जातीपेक्षा महत्त्वाचं आहे. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की त्याच जोराला टूल आठपट वाकतं, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. २५ मिमीच्या बारची त्रिज्या साडेबारा, म्हणजे ब्लेड पंधरा मिमी बाहेर असलं की काम होतं. मी बऱ्याच जणांकडे तीस-पस्तीस मिमी बाहेर काढलेलं ब्लेड पाहिलंय, ‘पुढे मोठा जॉब आला तर पुन्हा सेट करायला नको’ म्हणून. प्रत्येक जॉबला पुन्हा सेट करा. ब्लेड सरकवता येतं, हाच ब्लेड आणि होल्डरचा मोठा फायदा आहे. ब्रेझ्ड टूलला लांबी जी आली ती आली.

इथे खरेदीची एक बारीक गोष्ट. काही होल्डरमध्ये ब्लेड आडवं सपाट बसतं, काहींत पुढच्या बाजूला थोडं वर उचललेलं, तिरकं. तिरक्या होल्डरमध्ये ब्लेडच्या वरच्या बाजूला आपोआप रेक, म्हणजे धारेपासून मागे उतार, मिळतो, ग्राइंडिंग सोपं होतं. पण ब्लेड पुढे काढलं की त्याची टोक-उंचीही वाढते आणि प्रत्येक वेळी सेंटर, म्हणजे स्पिंडलच्या मध्याची उंची, पुन्हा जुळवावं लागतं. तुमच्याकडे चार बाजूंचा साधा टूल पोस्ट असेल आणि पॅकिंगचे तुकडे घालून उंची जुळवत असाल, तर सपाट बसणारा होल्डर घ्या. उंची सहज वरखाली होणारा क्विक चेंज टूल पोस्ट असेल तर तिरकाही चालेल.

ब्लेड घेताना त्याचा छेद बघा. समोरून पाहिलं तर वर रुंद आणि खाली निमुळतं असेल तर ते खाचेत घासत नाही. दुसरा प्रकार वरती टी-आकाराचा, म्हणजे डोकं रुंद आणि खालचं अंग सगळीकडे सारखं पातळ. दोन्ही चालतात, पण टी-आकाराचं धरायला त्याच मापाचा होल्डर लागतो. नुसती सपाट पट्टी, दोन्ही बाजू समांतर, अशी मिळाली तर तिला दोन्ही बाजूंनी दीड-दोन अंश क्लिअरन्स, म्हणजे टूलचं अंग जॉबला घासू नये म्हणून उतार, घासून द्यावा लागतो आणि तो पट्टीच्या तोंडापासून मागे जेवढं खोल जायचंय तेवढ्या लांबीवर. हाताने ते समान येणं अवघड आहे, नवशिक्याने त्या फंदात पडू नये. मशीन हॅकसॉच्या जुन्या एचएसएस ब्लेडचा तुकडा घासून पार्टिंग टूल करायची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे आणि पितळेला ती टूलं खरंच चांगली कापतात. पण आधी खात्री करा की ब्लेड संपूर्ण एचएसएसचं आहे. बायमेटलमध्ये फक्त दातांची कड एचएसएसची असते, मागचं अंग मऊ.

कुठे बघायचं? मुंबईत नागदेवी स्ट्रीटला असलं सगळं एका रांगेत मिळतं. पुण्यात असाल तर जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारा. कंपन्यांतून निघालेली अर्धी वापरलेली एचएसएस ब्लेडं तिथे मिळतात आणि घरच्या कामाला ती वर्षानुवर्षं पुरतात. मिरांडा कंपनीचं असेल तर निःशंक घ्या. फक्त ब्लेड वाकलेलं नाही ना, हे काचेवर किंवा सरळ पट्टीवर ठेवून बघा. ग्राइंडिंगमध्ये निळं पडलेलं टोक दिसलं तरी काळजी नको. एचएसएस निळसर झालं म्हणून लगेच नरमत नाही. मात्र ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं असेल तर टोकाला बारीक चिरा असू शकतात, तेवढा भाग घासून काढा.

आता इन्सर्टच्या होल्डरबद्दल, कारण सध्या ऑनलाइन सगळ्यात जास्त तेच दिसतं. एमजीईएचआर १२१२-२ असं लिहिलेलं असतं. १२१२ म्हणजे शँक १२ × १२ मिमी, शेवटचा २ म्हणजे २ मिमी रुंदी, आर म्हणजे उजवा. त्याला एमजीएमएन २०० हा दोन तोंडांचा इन्सर्ट बसतो. मिनी लेथला १२ मिमीचा शँक बहुधा बसतो, पण टूल पोस्टमधली उंची मोजूनच मागवा. हे टूल उत्तम आहे. इन्सर्टच्या वर खोबण असते, ती चिपला दुमडून खाचेपेक्षा अरुंद करते आणि चिप न अडकता बाहेर येते. एचएसएसला ही सोय नसते, चिप खाचेइतकीच रुंद निघते आणि दोन्ही भिंतींना घासते. मात्र दोन मर्यादा लक्षात ठेवा. दोन तोंडांच्या इन्सर्टचं मागचं तोंडही तेवढंच रुंद असतं, त्यामुळे इन्सर्टच्या लांबीपेक्षा खोल जाता येत नाही. होल्डरवर दिलेली कमाल खोली वाचा आणि ती तुमच्या त्रिज्येपेक्षा जास्त आहे का बघा.

दुसरी मर्यादा मोटरची. कार्बाइडची कंपन्यांनी दिलेली स्पीड एमएसला मिनिटाला ९०-१०० मीटरच्या घरात असते. ९० मीटर म्हणजे सेकंदाला दीड मीटर, गुणिले आपले ३०० न्यूटन, झाले ४५० वॅट, तेही थेट धारेवर. मिनी लेथची मोटर साधारण ५५० वॅटची, वर पट्ट्यात-गिअरात जाणारं वेगळं. म्हणजे मशीन दमच तोडतं. एचएसएसने १५ मीटरला तोच कट घेतला तर ७५ वॅट पुरतात. म्हणून मी पहिलं टूल एचएसएस सांगतो. इन्सर्ट कमी स्पीडलाही कापतो, ४०-५० मीटरला मी नेहमी चालवतो. पण त्याला फीड हवा असतो. त्याची धार मुळात किंचित गोलसर असते, फेऱ्याला ०.०२ मिमीने कुरवाळत राहिलात तर तो कापत नाही, दाबतो. आणि दाबता दाबता अचानक घेतो तेव्हा तुटतो.

२६ किंवा ३२ मिमी उंचीच्या पट्टीत एका तोंडाचा इन्सर्ट दाबून बसवायचा प्रकारही दिसेल. खोल कापायला तो फार चांगला, पण त्याचा ठोकळा मिनी लेथवर बसतच नाही. साडेचार फुटी राजकोट लेथ असेल त्याने जरूर घ्यावा.

ब्रेझ्ड टिप मला वाईट म्हणायची नाही. बिडाच्या कामाला मी अजूनही के-२० ग्रेडच्या कार्बाइडची ब्रेझ्ड टिप वापरतो. पण धार लावायला ग्राइंडरला हिरवा स्टोन लागतो, तो घरी बहुतेकांकडे नसतो. करड्या स्टोनवर कार्बाइड घासलं की स्टोनच झिजतो आणि टिपला चिरा जातात. त्यात कार्बाइडची टिप हलणारं मशीन सहन करत नाही. तुमच्या दोन्ही टिपा तशाच गेल्या असणार.

आणि आता जे टूल विकत घेऊन मिळत नाही ते. शिकाऊ असताना मी पहिलं टूल मोडलं ते ३२ मिमीच्या ईएन-८ या मध्यम कार्बन स्टीलवर. ‘टक’ असा आवाज आला आणि जॉब चकमध्ये तिरका झाला. टूल खराब निघालं असं मला वाटलं. आमच्या फोरमननी टूलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मशीन बंद केलं, क्रॉस स्लाइडच्या (टूलला जॉबकडे आतबाहेर नेणाऱ्या स्लाइडच्या) टोकाला हात धरून आडवं हलवलं, आणि मला म्हणाले, ‘इथे बोट ठेव.’ जिबच्या, म्हणजे स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्टीच्या, सांध्यावर बोट ठेवलं तर स्लाइड सरकताना जाणवत होती. केसाइतकी, पण जाणवत होती. टूल आधी त्या ढिलाईइतकं मागे ढकललं जातं, मग धार घेते आणि ते तेवढंच पुढे ओढलं जातं, म्हणजे एका क्षणात फीड चौपट-पाचपट. घुसणं म्हणजे हेच.

म्हणून नवीन टूल लावण्याआधी अर्धा तास यात घाला. क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड दोन्हींची जिब आवळा. हँडल फिरवायला किंचित जड लागेल इतपत. कंपाउंड मागे घेऊन त्याच्या बुडाच्या पूर्ण आधारावर आणा. त्याला लॉक नसेल तर जिबचा एखादा स्क्रू कामापुरता घट्ट करून ठेवा. कॅरेज, म्हणजे या स्लाइड घेऊन बेडवर सरकणारा भाग, बेडवर लॉक करा. बऱ्याच मिनी लेथला कॅरेज लॉक येतच नाही; बेडखालून एक पट्टी आणि वरून एक बोल्ट एवढ्यात तो घरी करता येतो, आणि पार्टिंग करणाऱ्याने तो पहिल्यांदा करावा. जॉब चकच्या जबड्यांपासून जितका जवळ कापता येईल तितका. २५ मिमीच्या बारला जबड्यापासून दहा मिमीवर खाच पडली तर बरं, पन्नास मिमीवर नको.

टूल चकच्या तोंडाला अगदी काटकोनात हवं. ब्लेडची बाजू चकच्या सपाट तोंडाला हलकेच टेकवा, मागे प्रकाश धरा, फट दिसली की टूल पोस्ट ढिला करून जुळवा. डायल इंडिकेटर असेल तर ब्लेडच्या बाजूवर लावून क्रॉस स्लाइड आतबाहेर करा. उंची सेंटरला. घाईत असाल तेव्हा स्टीलची सहा इंची पट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यात हलकेच दाबून धरा. पट्टी उभी राहिली तर सेंटर बरोबर. तिचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे. खरी तपासणी फेसिंगची: मधोमध बोंडी राहिली की कळतं. टूल खाली असेल तर शेवटच्या दोन-तीन मिमीत जॉब टूलवर चढू पाहतो, वर असेल तर टूल नुसतं घासतं आणि तापतं.

धार: समोरून ६ ते ८ अंश क्लिअरन्स. वर स्टीलला ३ ते ५ अंश रेक, पितळेला शून्य. पितळेला रेक ठेवलात तर टूल स्वतःहून आत ओढलं जातं. समोरची कड सरळ ठेवा. कापलेल्या तुकड्यावर बोंडी राहू नये म्हणून ती तिरकी घासायची पद्धत आहे आणि बारीक कामाला ती योग्यही आहे, पण तिरकी धार ब्लेडला बाजूला ढकलते. १० मिमीहून खोल जायचं असेल तर सरळच.

२५ मिमीला १५ मीटर म्हणजे १९० आरपीएम. मशीन लो गिअरमध्ये टाका. हाय गिअरमध्ये नॉब खाली आणून १९० केलेत तर मोटरला ताकद राहत नाही. एमएसला तेल हवंच. कटिंग ऑइल ब्रशने, किंवा सर्वोकटसारखं सोल्युबल ऑइल पाण्यात मिसळून दुधासारखं करून, खाचेत जाईल असं सोडा. अॅल्युमिनियमला रॉकेल मिळालं तर त्यासारखं काही नाही. पितळ आणि बीड कोरडं.

हात थांबवायचा नाही. घाबरून फीड कमी केला की धार घासायला लागते, जॉब तापतो, कंप सुरू होतो. एसएस ३०४ असेल तर तेवढ्यात पृष्ठभाग कडक होऊन बसतो आणि पुढचं काम आणखी अवघड. बरोबर चाललं असेल तर आवाज एकसारखा ‘सस्स’ असा येतो, आणि टूलच्या डोक्यावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळी होत राहते, मोठी झाली की आपोआप खाली पडते. ती गुंडाळी दिसली की समजा रुंदी, उंची, स्पीड, फीड सगळं जुळलं. चिपचे बारीक चुरगळलेले तुकडे येत असतील किंवा खाचेत गोळा होत असेल तर मागे घ्या, ब्रशने साफ करा. आठ-दहा मिमी आत गेल्यावर टूल मागे घेऊन अर्धा मिमी बाजूला सरकवा आणि खाच रुंद करून घ्या, मग पुन्हा मधून. एचएसएसला दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला जागा मिळते. यासाठी कॅरेज लॉक सोडावा लागतो. सरकवल्यावर परत आवळायला विसरू नका.

टेलस्टॉकचं सेंटर लावलेल्या जॉबला पार कापू नका. शेवटी तुकडा टूल आणि सेंटरमध्ये चिमटला जातो. तीन-चार मिमी गाभा ठेवा, मशीन बंद करा आणि हॅकसॉने सोडवा. पडणारा तुकडा हाताने झेलायचा नाही. भोक असलेला जॉब असेल तर भोकात एक सळी धरून ठेवा, तुकडा तिच्यावर बसतो. गॉगल घाला, हातमोजे अजिबात नको.

कोणी तुम्हाला टूल उलटं लावून मशीन रिव्हर्स चालवायला सांगेल. तत्त्व खरं आहे: जोर उलट दिशेला गेला की ढिलाई टूलला आत ओढण्याऐवजी बाहेर सोडते. मायफर्ड हा ब्रिटिश लेथ वापरणारे तिथले हौशी कारागीर म्हणूनच मागच्या बाजूला दुसरा टूल पोस्ट लावून त्यात उलटं टूल धरतात. त्यात स्पिंडल सरळच फिरतो. तुमच्या क्रॉस स्लाइडला मागे तेवढी जागा आणि टी-स्लॉट नाहीत. रिव्हर्सचं म्हणाल तर ज्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो, त्यावर ते कधीही करू नका. जोर आला की चक उकलून अंगावर येतो. मिनी लेथचा चक फ्लँजला बोल्टने बसलेला असतो म्हणून तिथे हा धोका नाही. पण जुना बेल्ट लेथ घेतलात तर आधी हे तपासा.

हॅकसॉचं म्हणाल तर ४० मिमीच्या वर मी स्वतः घरच्या लेथवर पार्टिंग करत नाही. बँडसॉने किंवा हाताने कापतो आणि फेसिंग मारतो. वेळ तेवढाच लागतो. तुमचा २५ मिमीचा बार मात्र लेथवर कापण्यासारखाच आहे. आधी ईएन-१ए चा २० मिमीचा तुकडा घेऊन दहा चकत्या कापा, ते फ्री कटिंग, म्हणजे सहज कापलं जाणारं स्टील असल्यामुळे हात लवकर बसतो. मग एमएसकडे या. तेव्हाही घुसलं तर ब्लेड किती मिमी बाहेर होतं, आरपीएम किती होता, आणि चिप कशी येत होती, एवढं लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.